नदी वाचते ती शिवारात : वर्धा जिल्ह्यातील पाणलोटक्षेत्र आणि गावांचे सहकार्य

आपल्या जिल्ह्याला नाव मिळाले ते एका नदीमुळे. मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या पठारावर उगम पावलेली वर्धा नदी आपल्या जिल्ह्याची पश्चिम व दक्षिण सीमा आखीत पुढे जाते, वैनगंगेला मिळते, आणि प्राणहिता या नावाने गोदावरीत विलीन होते. नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे असावीत, आणि त्याच जिल्ह्यात जुलै २०२२ सारख्या पावसाळ्यात हिंगणघाट-समुद्रपूरकडील शिवारे पुराखाली जावीत, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. एकाच भूमीला तहान आणि पूर हे दोन्ही रोग का व्हावेत? आणि त्यावर उपाय कोणी करावयाचा : शासनाने, एखाद्या संस्थेने, की गावाने?

या प्रश्नांची उत्तरे शोधताना नदीकडे पाहण्याची आपली नेहमीची पद्धत बदलावी लागते. नदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पात्र येते, घाट येतो, पूल येतो. ‘नदी वाचवा’ असे म्हटले की आपण पात्रातील कचरा, जलपर्णी किंवा वाळूचा उपसा यांविषयी बोलू लागतो. हे प्रश्न खरे आहेत. परंतु नदीचे पाणी पात्रात जन्मास येत नाही. ते जन्मास येते शिवारात. म्हणून नदी वाचवण्याचे काम मुख्यतः शिवारातच करावे लागते, आणि शिवार अनेकांच्या मालकीचे असल्यामुळे ते काम सहकार्यावाचून होत नाही. प्रस्तुत लेखात हाच एक मुद्दा आपल्या जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे मांडावयाचा आहे.

जिल्ह्याची ठेवण

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास आहे. आठ तालुक्यांपैकी आष्टी, कारंजा आणि आर्वी हे उत्तरेकडील तालुके डोंगराळ आहेत. सातपुड्याच्या लहान लहान रांगा येथपर्यंत आलेल्या आहेत. सेलू तालुक्याच्या उत्तर भागात बोरचे जंगल आहे. २०१४ मध्ये त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथून दक्षिणेकडे व आग्नेयेकडे जमीन उतरत जाते आणि वर्धा, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतील काळ्या कसदार मातीची सपाटी लागते.

धाम, बोर, यशोदा, वेणा या आपल्या नद्या याच उतारावरून वाहतात. त्यांतील एकही नदी हिमालयातील नद्यांप्रमाणे बर्फावर पोसलेली नाही. त्यांचे सारे भांडवल म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारा सरासरी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस. मग जानेवारी-फेब्रुवारीत, आकाशात ढगही नसताना, नदीत पाणी असते ते कोठले?

याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. वर मातीचा थर, त्याखाली झिजलेला खडक म्हणजे मुरूम, आणि त्याखाली कठीण पाषाण अशी साधारण रचना असते. पाणी साठते ते मुख्यतः मुरमाच्या आणि भेगाळ खडकाच्या थरात. पावसाळ्यात मुरलेले हे पाणी खालच्या कठीण खडकावर अडते आणि उताराच्या दिशेने हळूहळू सरकत नाल्याच्या, नदीच्या काठातून पाझरते. उन्हाळ्यात वाळू उकरून काढलेल्या झिऱ्यात येणारे पाणी तेच, आणि शेजारच्या वावरातील विहिरीत असलेले पाणीही तेच. विहीर आणि नदी हे दोन वेगळे साठे नव्हेत. एकाच हौदाला असलेल्या त्या दोन तोट्या आहेत. एक तोटी पूर्ण उघडली की दुसरी आटते. हे लक्षात आले की पुढील सर्व विवेचन सोपे होते.

पाणलोट म्हणजे काय?

ज्या भूभागावर पडलेला पाऊस वाहत येऊन एकाच नाल्यात किंवा नदीत जमा होतो, त्या भूभागास त्या नाल्याचे किंवा नदीचे पाणलोटक्षेत्र म्हणतात. लहान ओढ्याचे पाणलोट दोन-चारशे हेक्टरांचे असेल. अशी अनेक लहान पाणलोटे मिळून यशोदेचे किंवा धामेचे खोरे होते. पाणलोटाची सीमा पाण्याचा उतार ठरवतो. गावाची सीमा तलाठ्याच्या नकाशात असते. या दोन सीमा क्वचितच जुळतात. माथा एका गावात, उतार दुसऱ्या गावात आणि पायथा तिसऱ्या गावात, असा प्रकार सर्रास आढळतो. सहकार्याची गरज निसर्गानेच येथे घालून ठेवली आहे.

पाण्याचा हिशोब किती सोपा आहे हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी पडते. म्हणजे हजार मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर एक कोटी लिटर पाणी येते. समजा, एका गावाचे शिवार ५०० हेक्टर आहे. तर त्या शिवारावर वर्षाला ५०० कोटी लिटर पाणी पडते. त्याच गावाची वस्ती हजार माणसांची धरली आणि प्रत्येकास दररोज ५५ लिटर पाणी लागते असे मानले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे दोन कोटी लिटर होते. दोन हेक्टरांवर पडणारा पाऊस सबंध गावाच्या वर्षभराच्या घरगुती वापरास पुरतो! पाऊस कमी पडतो म्हणून गावाला टँकर लागतो, हे विधान आपल्या जिल्ह्यापुरते तरी फार जपून करावयास हवे.

अर्थात पडलेले सगळे पाणी जमिनीत मुरत नाही. मोठा भाग वाहून जातो, काही भागाची वाफ होते, काही भाग पिके व झाडे शोषून घेतात. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात ढोबळमानाने एक दशांश पाणी मुरते असे धरले, तर वरील गावाच्या पोटात ५० कोटी लिटर जमा होतात. वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी काही भाग थोपवून ही शिल्लक वाढवणे आणि ती जपून खर्च करणे, एवढाच पाणलोट व्यवस्थापनाचा अर्थ आहे. पहिल्या अर्ध्या भागाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. दुसऱ्या अर्ध्याची मात्र फारशी होत नाही.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

पाणी अडवण्याच्या कामास एक क्रम आहे. तो माथ्यापासून सुरू होतो. टेकडीच्या उतारावर समान उंचीच्या रेषेवर चर खोदतात. त्यांना सलग समतल चर म्हणतात. वरून धावत येणारे पाणी या चरांत थांबते व मुरते. त्याखालील घळींत अनगड दगडांचे लहान बांध रचतात, म्हणजे पाण्याचा वेग मोडतो आणि माती तेथेच बसते. मग शेतजमीन लागते. तेथे बांधबंदिस्ती करावयाची. आपल्याकडे बांधाला ‘धुरा’ म्हणतात. धुरा मजबूत असेल आणि त्याला जादा पाणी जाण्यासाठी दगडी सांडवा असेल, तर वावरातले पाणी वावरात मुरते आणि वावरातली माती वावरात राहते. यानंतर शेततळी, गॅबियन बंधारे, आणि सर्वांत शेवटी नाल्यावरचे माती अथवा सिमेंटचे बांध.

हा क्रम उलटा केला तर काय होते, ते अनेक गावांनी अनुभवले आहे. माथा उघडा ठेवून खाली सिमेंटचा बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. बंधारा दिसतो, उद्घाटनाचा फलकही दिसतो; पाणी मात्र दिसत नाही. माथ्यावरचे चर कोणास दिसत नाहीत, त्यांचा फोटो चांगला येत नाही, आणि त्यांचा लाभ खोदणाऱ्याला प्रत्यक्ष मिळेलच असे नसते. काम करावे लागते वरच्याने आणि विहिरीचे पाणी वाढते खालच्याचे, ही पाणलोटाच्या कामातील खरी अडचण आहे. ती अडचण ‘आपण सर्व एक आहोत’ अशा भाषणाने सुटत नाही. वरच्याला काय मिळणार, हे आधी ठरवावे लागते. चराच्या कडेचे गवत व झाडांचे उत्पन्न त्याला मिळावे, त्याच्या वावराचा धुरा प्रथम बांधून द्यावा, मजुरी त्याच्या घरच्यांना मिळावी, किंवा खाली होणाऱ्या सामूहिक विहिरीत त्याचा वाटा असावा. असा काही तरी स्पष्ट व्यवहार ठरला तरच काम टिकते.

काकडदऱ्याचे उदाहरण

आर्वी तालुक्याच्या डोंगराळ भागातील काकडदरा हे कोलाम समाजाचे लहानसे गाव. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनने घेतलेल्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत राज्यातील तेरा जिल्ह्यांतल्या तीस तालुक्यांतून तेराशेहून अधिक गावे उतरली होती. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे विदर्भातील उन्हाळ्याचे सर्वांत कठीण पंचेचाळीस दिवस, गावांनी श्रमदान करावयाचे होते. या स्पर्धेत काकडदऱ्याने राज्यात पहिला क्रमांक मिळवला. पारितोषिक ५० लाख रुपयांचे होते.

हे यश अचानक मिळाले असे समजणे चुकीचे ठरेल. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातच सर्वोदयी विचारांच्या कार्यकर्त्यांनी येथील कोलाम कुटुंबांसह मृद्संधारणाच्या कामास हात घातला होता. उतारावरच्या उथळ, दगडाळ जमिनीत माती राहिली तर पीक राहते, हा धडा या गावाला नवा नव्हता. स्पर्धेने जुन्या समजुतीस मुदत दिली, मोजमाप दिले आणि प्रशिक्षण दिले. प्रत्येक गावातील निवडक स्त्री-पुरुषांना आधी शिकवले जाई. समान उंचीची रेषा कशी काढावी, चराचे माप किती असावे, हे त्यांनी परत येऊन गावास शिकवावयाचे. तांत्रिक ज्ञान अभियंत्याच्या वहीतून गावकऱ्याच्या हातात आले, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू होय.

काकडदऱ्याच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्यांच्याकडे जमीन थोडी, पैसा थोडा, आणि ज्यांची गणना जिल्ह्यातील मागासलेल्यांत केली जाते, त्या समाजाने सधन गावांच्या पुढे मजल मारली. लहान गावात सर्वांना एकत्र बसवणे सोपे असते, हे खरे. पण मोठ्या गावांत अडचण लोकसंख्येची असते की मनांची, याचा विचार ज्याने त्याने करावा.

यशोदेचे खोरे

काकडदरा हे एका गावाचे उदाहरण झाले. परंतु नदीचे खोरे एका गावाने सुधारत नाही. या दृष्टीने यशोदा नदीच्या खोऱ्यात झालेले काम अभ्यासण्यासारखे आहे. कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन ही संस्था २००९ पासून जिल्ह्यात जलसंधारणाचे काम करीत आली आहे. पुढे शासन, ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून यशोदेच्या खोऱ्यातील शंभराहून अधिक गावांसाठी एकत्रित कार्यक्रम आखला. गावाऐवजी खोरे हा कामाचा घटक मानणे, ही त्यातील महत्त्वाची कल्पना.

सपाटीवरच्या गावांचा प्रश्न डोंगरातल्या गावांहून वेगळा असतो. येथे नाले गाळाने व झुडपांनी भरलेले असतात. काही ठिकाणी काठच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे नांगर थोडाथोडा पुढे सरकवून नाल्याचे पात्र अरुंद केलेले असते. पावसाचा जोर वाढला की पाणी पात्र सोडून वावरात शिरते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि जमीन चिबडते. कपाशी पिवळी पडते, सोयाबीन सडते. अशा ठिकाणी नाल्यातील गाळ काढून पात्र पूर्ववत रुंद करणे, ठराविक अंतरावर पाणी थांबेल अशी रचना ठेवणे, आणि निघालेली माती हलक्या जमिनीवर पसरणे, या कामांचा दुहेरी लाभ होतो. पूर ओसरतो आणि हिवाळ्यात नाल्यात पाणीही टिकते.

मात्र येथे दोन सावधगिरीच्या सूचना केल्या पाहिजेत. पहिली तांत्रिक आहे. यंत्र हाताशी आले की खोदण्याचा मोह आवरत नाही. गाळ काढणे निराळे आणि नाल्याचा तळ फोडून खोल चर करणे निराळे. तळ फार खोल गेला तर शेजारच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरून येते, आणि पाणी साठवण्यासाठी केलेले काम पाणी वाहून नेण्याचे साधन बनते. दुसरी सूचना सामाजिक आहे. वरच्या गावाने आपला नाला सरळ व रुंद केला आणि खालच्या गावाने केला नाही, तर वरच्याचा पूर खालच्याच्या दारात जातो. म्हणून नाल्याचे काम दोन्ही गावांच्या ग्रामसभांनी एकत्र बसून, एकाच नकाशावर ठरवले पाहिजे.

अडवलेल्या पाण्याची मालकी कोणाची?

आतापर्यंत पाणी अडवण्याचा विचार केला. आता हिशोबाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. वरील उदाहरणातील गावाच्या पोटात ५० कोटी लिटर पाणी आहे. गव्हाला हंगामभरात सुमारे ४० सेंटिमीटर ओलीत लागते असे धरले, तर एका हेक्टरला ४० लाख लिटर लागतात. शंभर हेक्टर गहू पेरला तर ४० कोटी लिटर खर्च झाले. पिण्याचे दोन कोटी वजा जाता आठ कोटी लिटर गुरांसाठी आणि नदीसाठी राहिले. गहू दोनशे हेक्टरांवर गेला तर ८० कोटी लिटर हवेत. ते नाहीत. मार्चमध्ये विहिरी आटतील, नदीचा पाझर त्याआधीच थांबेल. त्याऐवजी दोनशे हेक्टरांवर हरभरा घेऊन हेक्टरी १५ लाख लिटरांत भागवले, तर ३० कोटींतच काम होते. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक गावाचे आकडे वेगळे येतील. परंतु बेरीज-वजाबाकीचा नियम सर्वत्र तोच राहील.

गावाने श्रमदान करून दहा कोटी लिटर पाणी जादा मुरवले आणि त्याच वर्षी दहा नवीन विंधनविहिरी झाल्या, तर नदीच्या वाट्यास काय आले? पाणी अडवताना ते सर्वांचे आणि उपसताना ज्याचा मोटरपंप मोठा त्याचे, असा व्यवहार असेल तर पुढच्या वर्षी श्रमदानास कोण येईल? भूमिहीन मजुराने कोणासाठी चर खोदावयाचा? आपल्या जिल्ह्याच्या पलीकडच्या काठावर, वरूड-मोर्शी भागात, संत्र्याच्या बागांसाठी विंधनविहिरी खोल खोल जात राहिल्या आणि भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पुढे गेला. अलीकडच्या काठावर आष्टी, कारंजा, आर्वी येथेही संत्रा आहे. तो इशारा आपण ऐकला पाहिजे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची उत्तरे शोधणारी माणसे होऊन गेली आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात दिला : माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क, आणि उसाला पाणी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव १९९० पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सुधारले. तेथे दरवर्षी पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. शेतीसाठी विंधनविहीर खोदण्यास तेथे गावानेच मनाई केली. पांझरा व मोसम नद्यांवरील फड पद्धत तर याहून पुष्कळ जुनी आहे.

जगातही असे दाखले आहेत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात कालव्यांवरील शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय शेकडो वर्षांपासून दर गुरुवारी दुपारी कॅथीड्रलच्या दारात भरते, आणि वकिलावाचून, तोंडी, तंट्यांचा निकाल देते. अमेरिकेतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा अनेक परंपरांचा अभ्यास करून असे दाखवले की सामायिक संपत्तीचा नाश अटळ नसतो. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, ते पाळले जातात की नाही यावर स्वतः लक्ष ठेवले, आणि मोडणाऱ्यास सौम्यापासून कडक अशी क्रमाने वाढती शिक्षा ठेवली, तर ती संपत्ती पिढ्यान्पिढ्या टिकते. या कार्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याउलट, नियमांवाचून केवळ बांधकाम झाले तर काय होते, हेही राज्याने पाहिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला; परंतु २०२० च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होणे आणि भूजलपातळी वाढणे या उद्दिष्टांवर त्याचा परिणाम अल्पच झाल्याचे नमूद केले. सर्वच गावांत काम वाया गेले असा याचा अर्थ घेऊ नये. पण बंधारा बांधला म्हणजे पाणी झाले, हे समीकरण खरे नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शहराचे ऋण

या विषयात शहरवासी स्वतःस अनेकदा प्रेक्षक समजतात. वर्धा शहर वर्धा नदीच्या काठी नाही. शहराची तहान भागते धाम नदीवर, येळाकेळी व पवनार येथून उचललेल्या पाण्याने. आणि धामेचे पाणी आर्वी तालुक्यातील महाकाळी येथील धरणावर अवलंबून आहे. म्हणजे वर्ध्यातील नळाची दुसरी बाजू आर्वीच्या डोंगरात आहे. तेथील माथा उघडा पडला, तर धरणात पाण्याऐवजी गाळ साठेल. शहर त्या माथ्याला काय देते? पवनारला मात्र मूर्तींचे विसर्जन, निर्माल्य आणि सांडपाणी यांच्या रूपाने नदीला जे परत मिळते, ते आपण सर्व जाणतोच.

पवनारचे नाव आले म्हणून एक स्मरण अप्रस्तुत होणार नाही. १९३८ मध्ये विनोबाजी तेथे राहावयास गेले तेव्हा धाम नदीपलीकडचे ते स्थान म्हणून त्यांनी त्यास ‘परंधाम’ म्हटले. १९५१ मध्ये येथूनच ते पायी तेलंगणात गेले आणि भूदान-ग्रामदानाचा विचार जन्मास आला. मगनवाडीत कुमारप्पांनी निसर्गाचे भांडवल न खाता त्याच्या व्याजावर जगणाऱ्या अर्थव्यवस्थेची मांडणी केली. जमिनीत मुरलेल्या पाण्याला हा विचार जितका चपखल लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. २ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘चला जाणूया नदीला’ या राज्यव्यापी अभियानाचा प्रारंभ सेवाग्राम येथून झाला, तो या वारशामुळेच. वारसा सांगणे सोपे असते. ग्रामदानाने जमिनीबाबत जे मागितले होते, त्याचा लहानसा अंश आज पाण्याबाबत मागावयाचा आहे : विहीर माझी असली तरी तिच्यातील पाणी माझ्या धुऱ्यापाशी थांबत नाही, एवढे मान्य करणे.

गावाने करावयाचे तीन ठराव

हे मान्य झाले तर व्यवहारात काय करावे? त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपवण्याजोग्या विषयांच्या यादीत घातले आहेत. म्हणजे ग्रामसभेला या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे. तिने निदान तीन ठराव करावेत.

पहिला ठराव माथ्याचा. माथ्यावरील गायरान, झुडपी जंगल व खाजगी जमीन यांवर कोणते काम होईल, चराई किती काळ बंद राहील आणि त्या बदल्यात गुरे राखणाऱ्यांना चारा कोठून मिळेल, हे लेखी ठरवावे. चारा न देता चराईबंदी केली तर तिचा भार सर्वांत गरीब घरावर पडतो.

दुसरा ठराव उपशाचा. ऑक्टोबर महिन्यात ठरलेल्या विहिरींची पातळी व पावसाची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी आणि रब्बीची पिके त्यावरून ठरवावीत. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ नवी विंधनविहीर होऊ देऊ नये. पाच लिटर प्रतिसेकंद देणारा पंप आठ तास चालला तर १,४४,००० लिटर पाणी उपसतो. म्हणजे अडीच हजारांहून अधिक माणसांची एका दिवसाची घरगुती गरज. हा आकडा गावाच्या चावडीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

तिसरा ठराव दुरुस्तीचा. फुटलेला सांडवा पहिल्याच वर्षी चार टोपली दगडांनी दुरुस्त होतो. तिसऱ्या वर्षी तेथे घळ पडते. प्रत्येक बांधाखाली ज्यांच्या विहिरींना लाभ होतो त्यांचा गट करून दरवर्षी थोडी वर्गणी गोळा करावी, आणि मे महिन्यातील एक दिवस दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा

आपले महाविद्यालय कला शाखेचे आहे. पाणलोट हा अभियंत्यांचा विषय, आपला नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु वरील तीन ठरावांपैकी एकातही सिमेंटचा उल्लेख नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या नाल्याचा माथ्यापासून संगमापर्यंतचा नकाशा काढावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या शिवाराचा पाण्याचा ताळेबंद मांडून पाहावा. इतिहासाच्या विद्यार्थिनीने आजीला विचारावे की नदीचा कोणता डोह कोणत्या महिन्यापर्यंत भरलेला असे, आणि ते लिहून ठेवावे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहावे की पाण्याच्या बैठकीत बाया बोलतात का, आणि भूमिहीनांना बोलावणे जाते का.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आपल्याकडे दरवर्षी होतात. शिबिरात वनराई बंधारा बांधला जातो, रिकाम्या पोत्यांत वाळू भरून पाणी अडवले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याला एक जोड द्यावी. शिबिराच्या गावातील दहा विहिरी निवडून त्यांची पाण्याची पातळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरी सोडून मोजावी आणि एका वहीत लिहावी. यास खर्च नाही, यंत्र नाही. एक विद्यार्थी पदवी घेऊन गेला की वही दुसऱ्याच्या हाती द्यावी. पाच वर्षांनी त्या वहीतील आकडे ग्रामसभेपुढे ठेवले, तर कोणत्या बांधाने पाणी वाढले, कोणत्या वर्षी उपसा हाताबाहेर गेला, हे वाद न घालता सांगता येईल. पाण्याची भांडणे पुष्कळदा आकड्यांअभावी होतात. असे आकडे ज्या गावाजवळ असतील त्या गावाला आपली नदी कोठे आटते आणि का आटते हे कळेल, आणि तिला पुन्हा वाहती करण्याचे काम कोणाच्या वावरापासून सुरू करावयाचे तेही ठरवता येईल.